घरच्या कॉम्प्युटरमधून माणूस काढताना

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सीपीयूचं झाकण उघडलं की धूळ निघते, घराचं दार उघडलं की किस्से निघतात. धूळ आपण तिथेच झटकून येतो. किस्से मात्र डोक्यात बसून राहतात, आणि असे चार जण चहाला भेटले की बाहेर पडतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

दादर पूर्वेला, नायगाव जिथे सुरू होतं तिथे आमचं छोटंसं दुकान आहे. माणसं तीन. मालक परबकाका फोन घेतात आणि गिऱ्हाइकाला गोड बोलून थोपवून धरतात. सॅव्हियो आणि मी, सुजाता, घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघतो. सॅव्हियो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण तोंडाने फटकळ असल्यामुळे अवघड घरी काका आम्हाला जोडीने पाठवतात. तो बिघडवतो, मी सावरते!

लोकांना वाटतं आमच्याकडे व्हायरसची कामं जास्त येतात. कसलं काय! सगळ्यांत जास्त फोन येतात ते एकाच कामाचे. ‘ते जुनं नाव काढून द्या हो.’

म्हणजे असं, की घरच्या कॉम्प्युटरवर ज्याने पहिल्यांदा स्वतःचं अकाउंट केलं तो ॲडमिन. सगळे हक्क त्याचे. पुढे तो माणूस घर सोडतो, भांडतो, परदेशी जातो, कधी वारतो. कॉम्प्युटरला त्यातलं काही कळत नाही. साधा प्रिंटर जोडायचा म्हटला तरी तो त्याच माणसाचा पासवर्ड मागत बसतो. मग आम्हाला बोलावणं येतं.

काढायला पाच मिनिटं पुरतात. काढण्याआधी आणि काढल्यानंतर जे होतं, त्याला दिवस पुरत नाही. म्हणून परबकाका फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात, “काढायचं कोणाचं? आणि ते माणूस सध्या आहे कुठे?”

*

सुरुवात सोप्याने करते. माटुंग्याला एक वयस्कर जोडपं होतं, वैद्य नावाचं. त्यांनी कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर घेतला होता. चालू केला की पडद्यावर एका अनोळखी गृहस्थाचा फोटो यायचा. जाड मिशा, गॉगल, मागे कसलातरी धबधबा. ॲडमिन तोच. वैद्यकाकू वैतागलेल्या. “परका पुरुष रोज सकाळी माझ्या हॉलमध्ये! काढा आधी.”

वैद्यकाका पेपर वाचत होते. मी काकूंच्या नावाने नवं अकाउंट केलं, त्याला सगळे हक्क दिले आणि मिशीवाल्यावर येऊन थांबले. “काढू ना?”

पेपरमागून आवाज आला, “अहो, हक्क काढा त्याचे. माणूस राहू द्या.”

“का?” काकू ओरडल्या.

“रोज सकाळी हसून बघतो माझ्याकडे. या घरात दुसरं कोण बघतं?”

*

लालबागचा किस्सा मात्र हसण्यासारखा नव्हता. निदान तिथे उभं असताना तरी नव्हता.

दोन भाऊ. थोरला दिगंबर लग्नानंतर डोंबिवलीला राहायला गेलेला, धाकटा उमेश आईजवळ. बोलणं बंद. कॉम्प्युटर थोरल्याने घेतलेला, वापरायचा धाकटा. दोघांचीही अकाउंटं ॲडमिनची. उमेशला भावाचं नाव पडद्यावर नको झालं होतं. आई स्वयंपाकघरात मासे तळत होती. तिने आम्हाला पाणी आणून दिलं आणि आत गेली.

आम्ही ‘काढा’ म्हटल्यावर मशीनने विचारलं, याच्या फाइल्स ठेवायच्या की डिलीट करायच्या? हा प्रश्न आला की सॅव्हियो नेहमी हात मागे घेतो.

“डिलीट,” उमेश म्हणाला.

“सगळ्या?”

“एकदा सांगितलं ना! डिलीट.”

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. थोरला! त्याला कुणी कळवलं देव जाणे. तो चप्पलही न काढता थेट आत आला आणि सॅव्हियोच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. हात नुसता ठेवला नव्हता, दाबला होता.

“बटण दाबलंस तर इथून बाहेर जाणार नाहीस.”

उमेशने दुसरा खांदा धरला. “दाबलं नाहीस तर बघ!”

सॅव्हियो मध्ये. तो माझ्याकडे बघायला लागला आणि मला पहिल्यांदाच त्याच्या तोंडून काही फटकळ ऐकू आलं नाही. मी म्हटलं, “दादा, आपण आधी कॉपी करून ठेवू, मग—” तर दोघं एकदम माझ्यावर ओरडले, “तुम्ही मध्ये पडू नका!” एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं. उमेशने माउस हिसकावायला हात घातला, दिगंबरने त्याचं मनगट पकडलं, खुर्ची कलंडायला लागली. दोघांचे चेहरे लालबुंद. आता एकाचा हात दुसऱ्यावर उठणार, हे स्पष्ट दिसत होतं.

आणि खट्ट!

कॉम्प्युटर बंद. पंखा बंद. ट्यूब बंद. आई मेन स्विचखाली उभी होती, हातात उलथनं.

“आता दोघांचंही गेलं,” ती म्हणाली. “बांगडे तळलेत. हात धुवा.”

आम्हालाही बसवलं. जेवताना दिगंबरने उमेशच्या ताटातला काटा काढून बाजूला ठेवला, ते मी पाहिलं. नंतर तिथून परत फोन आला नाही. काय काढलं, काय ठेवलं, मला ठाऊक नाही.

*

परळच्या एका सोसायटीतले राजाध्यक्ष आजोबा स्वतःच रिक्षातून सीपीयू घेऊन दुकानात आले. सरकारी कचेरीत अधीक्षक होते, ताठ बसायची सवय अजून गेलेली नव्हती.

“अकाउंट काढायचंय.”

“कोणाचं?” काकांचा प्रश्न ठरलेला.

“माझंच.”

काका एकदम सावध झाले. माणूस स्वतःचंच नाव काढायला निघाला म्हणजे विचारपूस करायलाच हवी. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “बसा. काय झालं? तब्येत वगैरे बरी आहे ना? घरी कुणी काही बोललं का?”

“सून बोलली. म्हणे, तुम्ही ॲडमिन आहात म्हणून काहीही दाबता. आता नात ॲडमिन होणार. आठवीत आहे.”

“आणि तुम्ही?”

आजोबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. “मी रीतसर चार्ज देणार. पण तिला सांगा, निदान दोन दिवस माझ्या हाताखाली काम करावं लागेल!”

*

आता नायगाव. हा किस्सा मी फार कमी वेळा सांगते.

फोनवरचा माणूस अगदी मऊ बोलत होता. घरही नीटनेटकं. म्हणाला, “बायकोचं अकाउंट आहे, ते काढा. ती आता इथे राहत नाही. आणि तिच्या मेल, फाइल्स जे काही असेल ते माझ्याकडे उघडून द्या.”

सॅव्हियो कॉम्प्युटरसमोर बसला. मी सहज इकडेतिकडे बघत होते. कीबोर्डच्या बाजूला केसांची क्लिप. दोरीवर वाळत घातलेली साडी, खाली अजून पाणी ठिबकत होतं. फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर बाईच्या अक्षरात ‘दूध उतू घालवू नका’. इथे न राहणाऱ्या बाईची साडी ओली कशी?

सॅव्हियोलाही कळलं होतं. त्याने माउस सोडला. “वहिनींना विचारलंत?”

“माझं घर, माझा कॉम्प्युटर. तिला काय विचारायचं?”

“मग आम्हाला नाही जमणार.”

तो माणूस हसला. उठला, शांतपणे दाराकडे गेला आणि वरची कडी घातली. मग खालची. परत येऊन खुर्ची दारापाशी ओढून त्यावर बसला.

“जमवा. मला घाई नाही.”

आवाज अजूनही मऊच. तेच जास्त भीतीदायक होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते आपल्याला माहीत असतं. मी पर्समध्ये हात घालून मोबाइल चाचपला तर तो म्हणाला, “फोन टेबलावर ठेवा, मॅडम.” सॅव्हियोच्या मानेची शीर उडत होती. तो उठला असता तर मारामारी झाली असती, आणि हा माणूस अंगाने त्याच्या दुप्पट होता.

मी फोन टेबलावर ठेवला. जेवढा साधा आवाज काढता येईल तेवढा काढला. “सॅव्हियो, कर रे सुरुवात. साहेब म्हणतायत तर करून टाकू. ओटीपी कुठल्या नंबरवर जाईल तेवढं बघ.”

सॅव्हियोने माझ्याकडे पाहिलं. असला कुठलाही ओटीपी त्या मशीनवर येणार नव्हता. पण गडी हुशार. त्याने दोन-चार बटणं दाबली, उगाच एक खिडकी उघडली आणि मान डोलावली. “अकाउंट ज्याचं, त्याच्या नंबरवर. वहिनींना मेसेज जाईल. ‘तुमचं अकाउंट उघडलं जात आहे, हे तुम्हीच आहात का?’ असा.”

“कधी?”

“आता दाबलं की लगेच.”

“नाही... थांब. दाबू नकोस.”

“आमच्यासारख्यांनी नुसता दोन-तीनदा प्रयत्न केला तरी कधी कधी जातो,” मी म्हटलं. “आता गेला असेल तर सांगता येत नाही.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा मऊपणा उतरताना दिसला. तो उठला, दोन्ही कड्या काढल्या आणि दार उघडून बाजूला उभा राहिला. जिने आम्ही कसे उतरलो ते आठवत नाही. खाली येऊन सॅव्हियो एका स्कूटरवर टेकून बसला.

खरा किस्सा त्यानंतरचा! संध्याकाळी दुकानात एक बाई आल्या. खांद्याला ऑफिसची बॅग. फ्रीजला आमच्या दुकानाचं कार्ड लावलेलं होतं, त्यावरून आल्या होत्या.

“एक विचारायचं होतं. दुपारी मिस्टरांचा फोन आला, कधी करत नाहीत तो. म्हणाले, ‘ओटीपी आला तर कुणाला देऊ नकोस, आणि मला काही विचारूही नकोस.’ कसला ओटीपी?”

आम्ही दोघं खाली बघायला लागलो. परबकाकांनी त्यांना स्टूल दिलं, पोऱ्यासारखे स्वतः जाऊन चहा घेऊन आले आणि समोर बसले.

“ओटीपीचं राहू द्या, ताई. चहा घ्या. मग पासवर्ड बदला. आणि माहेर जवळ असेल तर आज तिकडेच जेवा.”

बाई चहा संपवून म्हणाल्या, “माहेर वडाळ्याला आहे.” आणि बॅग उचलून वडाळ्याच्या बाजूला चालू लागल्या.

*

गिरगावात लेलेबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. एकट्या राहतात. आतली खोली त्यांनी कॉलेजच्या एका मुलाला राहायला दिली होती, निनाद. त्यानेच कॉम्प्युटर लावून दिला, त्यामुळे ॲडमिन तो. पुढे काहीतरी बिनसलं आणि बाईंनी त्याला जायला सांगितलं.

“तो गेला, पण गेल्यासारखा वाटत नाही,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मी व्याकरणाची टिपणं लिहिते. दुसऱ्या दिवशी उघडली की एखादा शब्द बदललेला असतो. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, बाई, विसरायला लागलात. मुलगा म्हणतो, आई, डॉक्टरला दाखवूया.” बोलताना त्यांचा आवाज कापत होता. “तू मला खरं सांग. मला काही झालंय का?”

मी नुसतं “बघते” म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, वय झालंय.

खुर्चीत बसले, सेटिंग उघडलं, निनादच्या नावावर बाण नेला. बाण सरकला. मी सरकवला नव्हता! माउसवरून हात उचलला. बाण आपणहून वर गेला आणि मी उघडलेली खिडकी त्याने बंद करून टाकली.

बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “दिसलं ना? तुलापण दिसलं ना?”

मी परत खिडकी उघडली. परत बंद झाली. मी अजून जोरात, तो अजून चपळाईने. दुसरीकडे कुठेतरी कुणीतरी बसून आमच्याशी माउसची ओढाओढ करत होतं. मग कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. ‘क-ो-ण’.

मी टेबलाखाली वाकले आणि नेटची वायर ओढून काढली.

पडदा शांत. खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

आणि बाईंचा मोबाइल वाजला. स्पीकरवर लावला.

“बाई, नमस्कार, निनाद बोलतोय. सहज फोन केला. तुमचं नेट गेलंय का हो?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आत्ताच थरथरणाऱ्या त्या बाई एकदम ताठ झाल्या. चाळीस मुलांचा वर्ग गप्प करणारा आवाज लागला.

“हो, निनाद. तुझ्यासकट गेलं!”

*

परळच्याच एका नव्या टॉवरमधली अनघा माझ्याच वयाची. तिचं काम होतं नवऱ्याचं, म्हणजे आधीच्या नवऱ्याचं, अकाउंट काढायचं. घटस्फोट होऊन गेला होता. मी पोचले तर ती लॅपटॉपसमोर दोन्ही हात डोक्याला लावून बसलेली.

“आज उघडतच नाहीये. काल एकाकडून आतला पार्ट बदलून घेतला, तेव्हापासून हे.”

निळा पडदा. त्यावर एक लांबलचक आकडा मागितलेला. आता या लॅपटॉपांत आतलं सगळं कुलूपबंद असतं. मशीनला काही संशय आला की ते किल्ली मागतं, आणि ती किल्ली म्हणजे सहा-सहा आकड्यांचे गट. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याने चालू केला, त्याच्या अकाउंटवर ती जपून ठेवलेली असते.

“पहिल्यांदा कुणी चालू केला होता?”

अनघाने माझ्याकडे न बघता सांगितलं, “रोहितने.”

“आत काय आहे?”

“माझी पीएचडी. ती परत लिहीन गं एक वेळ. पण गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत. आवाज आहेत त्यांचे. त्यातल्या तिघी आता नाहीत.” ती थांबली. “दुसरीकडे कॉपी केलेलं नाही. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले.”

“मग त्याला फोन करायला लागेल.”

“नाही. कोर्टातून बाहेर पडताना मी ठरवलं होतं, या माणसाचा आवाज परत ऐकायचा नाही.”

ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, परत गेली. मग एकदम फोन उचलून लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, हाताला चटका बसल्यासारखा.

“हॅलो?... अनू?”

“लॅपटॉपची किल्ली हवी आहे. तुझ्या अकाउंटवर असेल. इथे दुरुस्तीवाल्या ताई बसल्यात, त्या लिहून घेतील.”

पलीकडून, “थांब. शोधतो.” टकटक ऐकू आली. “हं. घ्या.”

तो वाचत गेला, मी टाइप करत गेले. स्वच्छ, सावकाश, प्रत्येक गटानंतर थांबून. एकेक गट बरोबर बसत होता. अनघा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी. शेवटचा एक गट राहिला, आणि तो थांबला.

“पुढे?” मी विचारलं.

“आई कशा आहेत?”

त्याने अनघाच्या आईबद्दल विचारलं होतं. अनघाचा चेहरा कठीण झाला. “आकडे सांग.”

“सांगतो गं. आई कशा आहेत?”

“रोहित, तू माझी अडवणूक करतोयस का?”

“नाही.” त्याचा आवाज खाली गेला. “आकडे सांगून झाले की तू फोन ठेवशील. म्हणून आधी विचारतोय.”

मला वाटलं आता ही फोन आपटणार, आणि सगळं संपणार. शेवटच्या गटाच्या रिकाम्या चौकोनात रेघ लुकलुकत होती. मी बघत राहिले.

“गेली,” अनघा म्हणाली. “पावसाळ्यात. झोपेतच.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला कळवलं नाहीस.”

“कसं कळवणार होते?”

त्याने शेवटचे आकडे सांगायला घेतले. आवाज फुटत होता, मला एक आकडा कळलाच नाही, परत विचारावा लागला. मी शेवटचं बटण दाबलं. पडदा काळा झाला... आणि उघडला. अनघाने एक फोल्डर उघडून पहिली फाइल लावली. एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज खोलीभर झाला, “अगो, चपाती मोजून नाय घालूची!” अनघा तोंडावर हात धरून रडायला लागली. पलीकडून फोन केव्हाच बंद झाला होता.

मी सगळं कॉपी केलं, किल्ली तिच्या नावावर घेतली. मग विचारलं, “अकाउंट?”

“काढ,” ती म्हणाली. लगेच म्हणाली.

काढलं. सामान आवरत होते तेवढ्यात तिचा फोन टेबलावर घरघरायला लागला. नाव मी वाचलं, तिनेही वाचलं. तिने तो बराच वाजू दिला. मग उचलला, कानाला लावला आणि बाल्कनीकडे जाताना मागे वळून मला हाताने खूण केली. बाहेरचं दार ओढून घे.

*

आणि आता दादरच्या फिलोमिना आंटी. चर्चच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर राहतात. त्यांची मुलगी शॅरन वसईहून आली होती, आम्हाला बोलावलं तिनेच. मुलगा ग्लेन बारा-तेरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. लग्नावरून बापाशी भांडला, बापाने ‘परत तोंड दाखवू नकोस’ म्हटलं, आणि त्याने ते अक्षरशः पाळलं. पत्ता नाही, फोन नाही. मग अंकल वारले. कळवायचं कुठे, हेच कुणाला माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर ग्लेनचा. त्याचा पिन आंटींना ठाऊक होता. त्या रोज तो उघडून पत्ते खेळायच्या, बस. तो गेल्यावर नेट बंद केलेलं. मधे एकदा मशीन बिघडलं तेव्हा सॅव्हियोनेच नवं आणून त्यावर ग्लेनचं अकाउंट होतं तसं उतरवून दिलं होतं, कारण आंटी दुसरं नाव टाकू देईनात. नंतर ते पुन्हा नेटशिवायच चाललं. आता शॅरनने नेट घेऊन दिलं होतं, आईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून.

“आणि त्याचं नाव काढून टाका,” ती म्हणाली. “डॅडीच्या मातीला आला नाही. मम्मी रोज सकाळी त्याचं नाव बघते आणि दिवसभर गप्प बसते. बस झालं आता.”

आंटी गाऊनवर, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. हातात रोझरी. सॅव्हियोने त्यांना विचारलं, “आंटी, काढू ना?”

“शॅरनला विचार.”

“कॉम्प्युटर तुम्ही वापरता.”

“मम्मी, तू नाही म्हणणार असशील तर आत्ता सांग,” शॅरन तडकली. “मी तुझं करते, मी सुट्ट्या काढते, मी दवाखान्यात नेते. आणि भिंतीवर फोटो त्याचा, कॉम्प्युटरवर नाव त्याचं! मी कुठे आहे या घरात?”

आंटींचे मणी थांबले. “काढ,” त्या सॅव्हियोला म्हणाल्या. “ती बरोबर बोलते.”

सॅव्हियो ग्लेनच्या अकाउंटमध्ये शिरला. नेट जोडलं. आंटींच्या नावाने नवं अकाउंट केलं, हक्क दिले. त्यांची भजनं, थोडे फोटो तिकडे घेतले. हे होईपर्यंत शॅरन नखं कुरतडत होती. आता इथून बाहेर पडायचं, आंटींच्या नावाने आत शिरायचं आणि मग ग्लेनला काढायचं. एवढंच बाकी.

सॅव्हियोने शेवटची खिडकी बंद केली. आणि तो तसाच थांबला.

मागे पडद्यावर कायम एका मोटारसायकलचा फोटो असायचा. तो नव्हता. तिथे एक मुलगी होती. सहा-सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, कपाळावर आठी घालून उन्हात बघणारी.

“हे कोणी लावलं?” शॅरनने विचारलं.

“कोणीच नाही,” सॅव्हियो हळूच म्हणाला. “हे अकाउंट अजून कुठल्यातरी कॉम्प्युटरवर चालू आहे. तिथे त्याने जो फोटो लावलाय, तो नेट आल्यावर इथे आला.”

आंटी उठून आल्या. गाऊनच्या टोकाने चष्मा पुसला आणि पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की काचेवर वाफ धरली.

“आठी बघ, शॅरन,” त्या म्हणाल्या. “डॅडीचीच.”

शॅरन बघत होती. ती मटकन पलंगावर बसली.

“आंटी,” सॅव्हियोने विचारलं, “काय करू?”

आंटींनी एक बोट त्या मुलीच्या पडलेल्या दातांवर ठेवलं. मग वळून म्हणाल्या, “सॅव्हियो, तिथला फोटो इथे येतो. मग इथे लावलेला तिथे जातो?”

“जातो, आंटी.”

“त्याला दिसेल?”

“उघडेल तेव्हा दिसेल.”

आंटींनी रोझरी खिशात टाकली. केसांवरून हात फिरवला.

“मग थांब जरा. मी गाऊन बदलून येते.”

त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या असतील, तेव्हा शॅरन बोलली. नाक ओढत, पडद्यावरची नजर न काढता.

“मम्मी, तो निळा घाल. आणि मी पण येते फोटोत.”